पाटी माझी, माणूस माझ्या माहेरचा

वामननानांनी हातातली पानं टेबलावर उपडी टाकली आणि म्हणाले, "ह्यो प्यायलेला हाय. ह्याचा डाव धरायचा नाय. शेवंताबाय, तुजी पाटी वाच."

पाटी वाचायची मला गरज नव्हती. काउंटरच्या वर, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ती मीच लिहून घेतली होती: 'प्यायलेल्या माणसाचा डाव धरला जाणार नाही.'

नानांच्या समोर बाळाराम बसला होता. त्याची रमी लागली होती. त्या डावावर त्याच्या होडीचं मशीन होतं, म्हणजे होडीच्या मागे बसवतात ते इंजिन. दुपारचे साडेचार झाले होते. फर्स्ट शिफ्ट सुटून आलेली कंपनीतली माणसं चहाचे कप हातात घेऊन टेबलाभोवती उभी होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या रमी क्लबात एकवीस वर्षं काढली. क्लब म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. कुंडलिकेच्या पुलापासून पाच मिनिटांवर, किराणा दुकानाच्या वर एक लांब हॉल. सहा टेबलं, लोखंडी खुर्च्या, भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला परवाना आणि नदीकडे उघडणाऱ्या चार खिडक्या. माझ्या नवऱ्याला कंपनीने कायम केलं नाही, म्हणून मी तिथे चहा करायला लागले. शिक्षण चौथीपर्यंत. पण हिशेब पाठ होते आणि तोंड चालत होतं. दोन वर्षांत रजिस्टर माझ्याकडे आलं, मग दारही आलं. मालक भाऊशेठ लोकांना सांगताना मला मॅनेजर म्हणायचे. पगार चहावालीचाच राहिला.

तरी ती वर्षं चांगली होती, हे खरं आहे. सकाळी हॉल झाडून खिडक्या उघडल्या की नदीवरचा वारा थेट चुलीपर्यंत यायचा. अकरा वाजता गावांकडचे शेतकरी यायचे, भात लावून झालं की जास्तच. तीननंतर शिफ्टवाले. सहा टेबलांवर एकदम पत्ते पिसायला लागले की पत्र्यावर चिमण्या उतरल्यासारखा आवाज व्हायचा. माणसं एकमेकांच्या सासरवाडीवरून बोलायची, पानं लपवायची, हरली की चहात साखर कमी आहे म्हणायची. मी म्हणायचे, साखर तेवढीच आहे, तुमचं तोंड कडू झालंय.

पाटीचं कारण सांगते. एका शेतकऱ्याने कंपनीला जागा दिली. हातात रक्कम आली. दुपारी पिऊन आला आणि संध्याकाळपर्यंत बरीच हरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे चार भाऊ आले. त्यांनी कोणाला मारलं नाही, पण अकरा खुर्च्या मोडल्या. मी भाऊशेठना म्हटलं, प्यायलेल्याला आत घ्यायचं बंद करा.

"बाई, प्यायलेला गिऱ्हाईक जास्त खेळतो," ते म्हणाले. प्रत्येक डावातून क्लबला वाटा मिळायचा, त्यामुळे त्यांचं गणित सरळ होतं.

"जास्त खेळतो. पण त्याला भाऊपण जास्त असतात," मी म्हटलं. "खुर्च्या कोण भरणार?"

खुर्च्यांमुळे पाटी लागली. माणुसकीमुळे लागली असं मी सांगणार नाही.

पण पाटी लावून माणूस ओळखता येत नाही. आणि रोह्याला वासावर जाता येत नाही. कंपन्यांमुळे हवेलाच वास, आणि शिफ्टमधून आलेल्या माणसाच्या अंगाला कसकसले वास असतात ते त्यालाही सांगता येत नाही. डोळ्यांवरही जाता येत नाही. नाइट शिफ्ट करून आलेल्याचे डोळे तांबडेच असतात. म्हणून मी एक रीत बसवली. आत येणाऱ्याने काउंटरवर पत्त्यांची गड्डी उचलायची, दोनदा पिसायची आणि मला परत द्यायची. ज्याने घेतली आहे त्याच्या हातून एकदोन पानं तरी निसटतातच. हात जिभेसारखं खोटं बोलत नाही.

पान पडलं तर मी काय म्हणायचे? "तुमचं टेबल अजून लागलं नाही, तोवर पेज प्या." चार माणसांत 'तू प्यायलायस' म्हटलं की तो नाही म्हणून दाखवायला उभा राहतो, आणि मग खुर्च्या जातात. पेज म्हटलं की बसतो. गरम पेज, मीठ, करवंदाचं लोणचं. चुलीजवळच्या बाकावर अर्ध्या तासात झोपायचा. उठला की स्वतःच घरी जायचा. खाली दुकानापाशी गंगाराम सायकली आणि मोटरसायकली सांभाळायचा. मी वरून खूण केली की त्या माणसाची गाडी तो चार गाड्यांच्या आत लावून ठेवायचा. भांडण नाही, काही नाही.

आता बाळाराम. तो माझ्या माहेरचा. पेणच्या पुढे, धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव. बापाची मिठागरावर मजुरी, बाळारामच्या बापाचीही. आमच्या दोन घरांच्या मधे एक उंबराचं झाड, तेवढंच अंतर. तो माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी लहान. मिठागराच्या बांधावरून मी त्याला कडेवर घेऊन चालले आहे. मोठा झाला, होडी केली, तिला मशीन बसवलं. मासे धरायचा, कधी जेट्टीवरच्या कामगारांना इकडून तिकडे सोडायचा. महिन्यातून एकदोनदा पेणहून गाडी पकडून रोह्याला यायचा, क्लबात बसायचा, मला गावच्या बातम्या सांगायचा आणि जायचा.

आदल्या गुरुवारी तो वामननानांकडे मशीन हरला. नाना आतल्या गावचे भातशेतीवाले, वाल-पावट्याचं पीकही चांगलं घ्यायचे, डोकं थंड. क्लबात टोकनवर खेळायचं असा नियम होता. टोकन म्हणजे काउंटरवरून घ्यायच्या रंगीत चकत्या. पण टोकन संपले की माणसं चिठ्ठीवर वस्तू लिहायची आणि चिठ्ठी माझ्याकडे बिस्किटांच्या डब्याखाली ठेवायची. परवान्यात हे बसत नव्हतं. भाऊशेठ त्या वेळी खिडकीबाहेर बघायचे आणि मी डबा उचलायचे. आम्ही दोघंही त्यात होतो, ते कबूल करते.

त्या गुरुवारी बाळाराम पूर्ण शुद्धीत होता. गड्डी झकास पिसून त्याने माझ्या हातात दिली होती. हरला तो सरळ हरला. दोन दिवसांनी नानांचा टेम्पो खाडीवर जाऊन मशीन घेऊन आला.

पुढच्या मंगळवारी तीनच्या सुमारास तो परत आला. जिना चढून वर आला, चपला काढल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या. मग खाली वाकून त्या सरळ केल्या. मग पायाच्या अंगठ्याने पुन्हा सरळ केल्या. शुद्धीतला माणूस चपला फेकतो. इतकं जपून वागतो तो प्यायलेलाच. मला तिथेच कळलं.

त्याच्या हातात सुकटीची पिशवी होती.

"ताय, तुज्यासाठी. हौसानं निवडून दिलीय." हौसा म्हणजे त्याची बायको.

"जेवलास?"

"जेवून निंगालो."

गड्डी माझ्या हाताखाली होती. ती पुढे सरकवायची, एवढंच काम होतं. नाही सरकवली. माहेरचा माणूस दारात आला की आधी पाणी द्यायचं, घरच्यांची विचारपूस करायची, ही आमच्याकडची रीत. त्याला चार परक्या माणसांसमोर 'पत्ते पिसून दाखव' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो प्यायला आणि आत गेला. मला वाटलं, मशीन गेलंय, उदास आहे, तासभर बसेल आणि जाईल.

तो सरळ नानांच्या टेबलाशी गेला.

"नाना, माजं मशीन तुमच्याकडं हाय. माजी होडी माज्याकडं हाय. पाच डाव. तीन मारील त्याला दोन्ही."

नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस," म्हणाले.

चिठ्ठी माझ्याकडे आली. तेव्हा तरी मी थांबवायला हवं होतं. होडी गेली तर त्या घराचं काय होणार, हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. पण आत सोडल्यावर थांबवायचं म्हणजे का सोडलं ते सांगायचं. दोन टेबलांवरून चहाची हाक आली. मी डबा उचलला, चिठ्ठी खाली सारली आणि दूध तापवायला गेले.

मनात म्हटलं, हरला तर पाटी आहेच. डाव रद्द करता येईल.

पहिले दोन डाव नानांनी मारले. मी बाळारामला एकामागून एक बिनसाखरेचा चहा देत होते. तिसरा त्याने मारला. चौथा मारला. टेबलाभोवती गर्दी जमली. पाचव्याला त्याने जोकर लावून तेरा पानं पसरली आणि नुसता बसून राहिला. तेव्हा नाना बोलले ते मी वर सांगितलंच.

भाऊशेठ केबिनमधून बाहेर आले.

"काय झालं?"

"ह्यो पिऊन खेळलाय," नाना म्हणाले.

"नाना, तुम्हाला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"बसला तवाच."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तवा मी जिंकत व्हतो."

माणसं हसली. नानाही थोडे हसले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

एक ऑपरेटर मागून म्हणाला, "मावशी, तुमची परीक्षा घ्या ना. द्या त्याला गड्डी."

गड्डी आणली. बाळारामने ती उचलली, अंगठ्यांनी दोन भाग वाकवले आणि पानं एकमेकांत अशी सोडली की एकही इकडचं तिकडे झालं नाही. दुसऱ्यांदाही तसंच. दीड तास झाला होता, पोटात पाच कप चहा होता, आणि जिंकलेला माणूस लवकर शुद्धीवर येतो. कोणीतरी टाळी वाजवली.

"झालं," ऑपरेटर म्हणाला. "शुद्धीत हाय तो. मशीन द्या त्याचं."

नाना माझ्याकडे वळले. "आत्ताचं नको. आत आला तवा पिसली का त्यानं?"

भाऊशेठ म्हणाले, "बाई, पिसली असेल ना? तुमच्या हातातून कोण सुटतो?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. 'हो' म्हणायचं होतं, बस. बाळाराम माझ्याकडे बघत होता. लहानपणी बांधावरून घसरेल म्हणून माझी मान धरायचा, तसा.

"नाही पिसली," मी म्हटलं.

"का?"

"मी गड्डी दिलीच नाही. माझ्या माहेरचा आहे. प्यायलेला होता ते मी पाहिलं होतं."

"म्हणजे डाव?"

"डाव धरायचा नाही. मशीन नानांकडे, होडी त्याच्याकडे. सकाळी होतं तसं."

ऑपरेटर म्हणाला, "म्हणजे शुद्धीत हरलेलं गेलं ते गेलं, आणि पिऊन जिंकलेलं मिळायचं नाय?"

"असंच," मी म्हटलं. "हरला असता तर होडी वाचली असती. तेव्हा पाटी चांगली वाटली असती तुम्हाला."

चिठ्ठी मी सगळ्यांसमोर फाडली. मॅनेजर म्हणून मी चुकले होते आणि मॅनेजर म्हणूनच खरं बोलले होते. दोन्हींपैकी कशाबद्दल बोलावं ते भाऊशेठना ठरवता आलं नाही.

बाळाराम जाताना काउंटरपाशी थांबला.

"ताय, व्हय म्हटलं असतंस तर काय बिघडत व्हतं?"

"आज काही नाही. पुढच्या वेळी कोणाची होडी जाताना पाटी दाखवली असती, तर लोक हसले असते."

"पुढच्या येळची होडी पुढच्या माणसाची. मशीन माजं व्हतं."

तो जिना उतरून गेला. सुकट मी ठेवून घेतली. परत देणं बरं दिसलं नसतं.

आता तो क्लब नाही. तिथे व्यायामशाळा झाली आहे आणि नदीकडच्या खिडक्यांना आरसे लावले आहेत. मधल्या काळात माणसं मोबाइलवर रमी खेळायला लागली. प्यायलेला माणूस अंथरुणात पडून खेळतो, आणि त्याला पेज द्यायला त्या मोबाइलमध्ये कोणी नसतं. माझी नात गोव्यात, पणजीला, एका कॅसिनोत नोकरीला आहे. कॅसिनो म्हणजे आमचाच क्लब, फक्त गालिचा घातलेला. परवा सुट्टीवर आली तेव्हा सांगत होती, त्यांना ट्रेनिंग देतात. गिऱ्हाईक जास्त प्यायलेलं दिसलं तर नम्रपणे बोला, पाणी द्या, सुपरवायझरला बोलवा, टॅक्सी बोलवा.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "पण दारू तो पितो कुठे?"

"आतच. तिकिटात फ्री असते."

"म्हणजे तुम्हीच पाजायची आणि तुम्हीच ओळखायची?"

"आजी, पॉलिसी असते ती."

आमची पॉलिसी खुर्च्यांमुळे आली होती. त्यांच्या खुर्च्या बहुतेक जड असतील.

मशीनचं काय झालं ते सांगते. नानांकडे होडी नव्हती. मशीन त्यांच्या गोठ्यात पेंढ्याशेजारी पडून राहिलं. बाळाराम एकदा मागायला गेला. नाना म्हणाले, विकत घे. त्याच्याकडे तेव्हा काही नव्हतं. पावसाळ्यात उंदरांनी पाइप कुरतडले आणि पुढच्या वर्षी भंगारवाला ते काट्यावर टांगून घेऊन गेला. कोणाच्याच उपयोगी पडलं नाही.

त्या मंगळवारनंतर महिनाभराने चुलतभावाच्या साखरपुड्याला मी माहेरी गेले. ओहोटी लागली होती. बाळाराम ओढीविरुद्ध वल्ही मारत होडी काठाला आणत होता. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. त्याने मला पाहिलं, हाक मारली नाही. मी त्याच्या घरी गेले. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं.

हौसाने पाट मांडला, भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "मशीन गेलं त्याचं मी काय बोलत नाय गो. त्यानंच घालवलं. वल्ही मारून येतो, त्यामुळं रात्री गप झोपतो तरी."

"मी खरं तेच सांगितलं, हौसा."

"खरं सांगितलंस ते चांगलंच केलंस. मी त्याचं इचारत नाय. तू दारात व्हतीस ना?"

"होते."

"तो पिऊन आलेला तुला दिसला."

"दिसला."

"मग तू त्याला घरी का नाय लावलंस? सगळ्या रोह्याला पेज पाजतेस म्हणं. आमचाच तेवढा नाय दिसला?"

तिने माझ्या पानात आणखी कालवण घातलं. मी खाल्लं. खरं बोलल्याबद्दल मी महिनाभर स्वतःला शाबासकी देत होते. ती तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी क्लबात गेल्यावर भाऊशेठना सांगितलं, "उद्यापासून खाडीकडचं कोणी आलं की दारावर गंगाराम. मी चुलीपाशी."

"आणि गंगारामच्या गावचा आला तर?"

"तेव्हा मी."

"आणि दोघांच्या ओळखीचा आला तर?"

"तुम्ही या केबिनमधून बाहेर. वाटा घेता ना?"

पुढच्याच आठवड्यात गंगारामचा साडू आला. लग्नातला फेटा डोक्यावर तसाच, चालताना भिंतीचा अंदाज घेत. गंगारामने खालूनच मला हात हलवून सांगितलं, सोडा, आपला आहे. मी गड्डी पुढे केली. अकरा पानं खाली पडली. मी त्याला चुलीपाशी बसवलं, पेज दिली आणि तो तिथेच घोरायला लागला.

गंगाराम पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हा मला खात्री पटली की नियम नीट बसला आहे.